गंगेच्या मधोमध

मागच्या हिवाळ्यात भंडाऱ्याला एका सत्काराला गेलो होतो. सत्कार सरांचा होता. नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. आकाशातलं त्यांना सगळं कळतं आणि बोलायला लागले की समोरचा माणूस जागचा हलत नाही, हे मी आजही मान्य करतो. भाषणाच्या शेवटी त्यांनी तोच किस्सा सांगितला, जो ते गेली कित्येक वर्षं सगळीकडे सांगत आले आहेत.

"अहो, गंगा म्हणजे आकाशगंगा, एवढं कळायला नको? त्यांना वाटलं, वैनगंगेतच कृष्णविवर आहे! सगळं गाव पळायला निघालं. आणि आमचा तंबूवाला त्यांच्याही पुढे!"

सभागृह हसलं. शेजारचा माणूस माझ्या मांडीवर थाप मारून हसला. मी मागच्या रांगेत बसून होतो आणि मुठी वळल्या होत्या. बायको बरोबर होती, तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरून ठेवली, म्हणून तो कार्यक्रम नीट पार पडला.

तो तंबूवाला मी. मी पळालो नव्हतो. आणि 'गंगा' हा शब्द माझा नव्हता. तो सरांचा होता. माझं सगळं भांडण त्या शब्दावरून आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

धंदा काय होता ते आधी सांगतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजी आठवेल. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. धान कापून झालेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, सोयरेधायरे बैलांच्या बंड्या जुंपून येतात. दिवसा दुकानं, जिलेबी, बांगड्या आणि रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य. लग्नाच्या पोरी पाहायच्या त्याही मंडईत आणि सोयरीक पक्की करायची तीही तिथंच. या मंडयांमधून मी तंबू घेऊन फिरायचो. बाहेर पाटी होती, 'आकाशाचा तंबू'. आतून दुहेरी काळं कापड लावलेलं, म्हणजे भर दुपारीही आत अंधार. एक स्लाइड प्रोजेक्टर, मागं धूर ओकणारा जनरेटर आणि सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. पडद्यावर चित्र यायचं आणि टेपवर सरांचा आवाज बोलायचा. चित्रं आणि मजकूर त्यांचा, बाकी सगळं माझं.

मी सिहोऱ्याचा. बापाजवळ जमीन नव्हती. टुरिंग टॉकीजची पोस्टरं चिकटवत सुरुवात केली आणि टॉकीज बसली तेव्हा तिचाच तंबू मालकाशी अशी घासाघीस करून घेतला की तो शेवटी म्हणाला, "ने बाबा, पण आता बोलू नको." हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पण मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, हे वाचकानं ध्यानात ठेवावं.

खेळात क्रम महत्त्वाचा. आधी चंद्र दाखवायचा, कारण तो ओळखीचा. मग शनी. त्याचं कडं दिसलं की सगळा तंबू एकदम श्वास ओढायचा. आमच्या सिहोऱ्याच्या मंडईत एक म्हातारा दरवर्षी तिकीट काढायचा आणि शनी आला की डोळे गच्च मिटून घ्यायचा. मी एकदा विचारलं, "बाबाजी, पाहाचंच नाही तं येता काहून?"

"तो मले पायते का नाही, तेवढं समजून घेतो."

"डोये मिटून कसं समजते?"

"आंगावर काटा येते ना जी."

त्या म्हाताऱ्यानं मला धंदा शिकवला. माणूस नुसतं पाहायला येत नाही, थोडं भ्यायला येतो आणि भिऊन सुखरूप बाहेर पडायला येतो. म्हणून खेळाच्या शेवटी भीतीचं काहीतरी ठेवायचं, तेव्हा तो धूमकेतू होता. भ्यालेला माणूस बाहेर जाऊन चार जणांना सांगतो.

पण तंबूची स्वतःचीही एक भीती असते, ती मी आणीबाणीत पाहिली. तेव्हा तंबू आणि लाऊडस्पीकर दिसला की लोकांना एकच वाटायचं, नसबंदी. एका गावात मी खुंट्या ठोकून वर पाहिलं तर सगळी गडीमाणसं शेतं तुडवत जंगलाकडे पळत सुटलेली. बाया दारं लावून बसलेल्या. मी लाऊडस्पीकरवर ओरडलो, "चंद्र दाखवतो, चंद्र!" तेवढ्यानं उरलेलेही पळाले. तेव्हा मी हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

आता सरांकडे येतो. आणीबाणी संपून तीन-चार वर्षं झाली असतील. मी नागपूरला त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर, धूमकेतूला आता कोणी भीत नाही. शेवटाला दुसरं काहीतरी पाहिजे."

"खगोलशास्त्र लोकांना भिववण्यासाठी नसतं," सर म्हणाले.

"मग तुमचं शास्त्र घरी ठेवा. तंबू बंद करतो."

आमचं असंच चालायचं. थोड्या वेळानं ते शांत झाले, चहा आला, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. चुकलं तर ते दुरुस्त करतीलच.

आपला सूर्य हा एक तारा. असे अब्जावधी तारे मिळून आपली आकाशगंगा. अशा आकाशगंगा असंख्य. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या आकाशगंगांच्या पोटात, अगदी मध्यभागी, एक प्रचंड कृष्णविवर असावं, असं तेव्हा शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. कृष्णविवर म्हणजे जिथून उजेडसुद्धा परत येत नाही अशी जागा. पण वायू, धूळ, फुटलेले तारे त्यात पडायला लागले की पडता पडता ते गोल फिरतात, एकमेकांवर घासतात, तापतात आणि असे पेटतात की त्या एका ठिपक्यापुढं अख्ख्या आकाशगंगेचा उजेड फिका पडतो. त्याला क्वेसार म्हणतात.

"मग आपल्या जवळ असा एखादा असेल तो दाखवू," मी म्हणालो.

"जवळ एकही नाही. सगळे फार फार दूर आहेत. आणि दूरचं म्हणजे जुनं. उजेडाला इथवर यायला एवढा काळ लागतो की आपल्याला दिसतं ते तेव्हाचं. जग तरुण होतं, आकाशगंगांमध्ये वायू भरपूर होता, त्या एकमेकींवर आदळत होत्या, तेव्हा ही विवरं खात होती आणि पेटत होती. मग खाद्य सरलं आणि ती गप्प झाली."

"म्हणजे विझली?"

"उजेड विझला. विवर कुठं जाणार? ते आहे तिथंच असतं. उलट खाऊन खाऊन मोठं झालेलं असतं. नवीन खाद्य आलं तर पुन्हा पेटेल."

मला तुमसरच्या धानाच्या गिरण्या आठवल्या. हंगामात दिवसभर धडधड, भुशाचे ढीग, रस्ताभर बंड्या. हंगाम संपला की दाराला कुलूप आणि आत कबुतरं. पण गिरणी बंद आहे म्हणजे गिरणी नाही असं नाही. पट्टा चढवला आणि धान ओतलं की ती पुन्हा सुरू होते. मी सरांना हे बोललो. ते खूश झाले आणि म्हणाले, "अगदी बरोबर. या जगातला मोठा हंगाम होऊन गेला आहे."

"आणि आपल्या आकाशगंगेत?"

"आपल्याही मध्यभागी असं एक असावं, असा संशय आहे. सध्या निजलेलं."

व्हरांड्यात ऊन होतं. मी चहाची बशी खाली ठेवली. शेवटचं चित्र मिळालं हे मला तिथंच कळलं.

मग मजकुरावर सौदा झाला. मला 'गिळेल' पाहिजे होतं. सरांनी दिलं, 'जे त्याच्या काठाशी जाईल ते परत येणार नाही.' मला 'लवकरच' पाहिजे होतं. सरांनी दिलं, 'केव्हा, ते सांगता येत नाही.' मी म्हणालो, 'निजलेलं' लिहा. ते म्हणाले, 'निद्रिस्त'. पुढं त्यांनी 'सध्या' जोडलं, शास्त्राला धरून. आणि 'आकाशगंगा' हा शब्द टेपवर फार वेळा आला होता, तो कानाला खटकत होता, म्हणून त्या एका जागी त्यांनी स्वतःच्या हौसेनं लिहिलं, 'या आपल्या गंगेच्या मधोमध.' मला ते आवडलं. कोणालाही आवडलं असतं.

क्वेसारचा खरा फोटो म्हणजे नुसता ठिपका. त्याला कोण तिकीट काढणार? म्हणून तुमसरच्या एका पेंटरकडून काचेवर चित्र करून घेतलं. त्याला समजावलं, मधे काळं, भोवती सगळं गोल फिरत आत चाललेलं. त्यानं नदीतला भोवरा पाहिला होता, तोच काढला. निळा भोवरा, मधे काळा डोळा. सरांनी काच उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, "छान. गती आहे यात."

सिहोऱ्याला खेळ चालला, तुमसरकडच्या मंडयांत चालला. लोक दचकायचे, बाहेर येऊन हसायचे, शेंगदाणे घ्यायचे. मग मी पवनी तालुक्यात उतरलो.

ते गाव वैनगंगेच्या अगदी काठावर होतं. त्याचं नाव लिहीत नाही. मंडईच्या पंचांत लक्ष्मण म्हणून एक शेतकरी होता. माझ्याच वयाचा, नदीकाठी धानाची जमीन, बोलायला करडा. तंबूच्या जागेवरून आमची जुंपली. मला जिलेबीजवळची जागा पाहिजे होती, तो मला चिंचेखाली ढकलत होता. दोघांचाही आवाज बसेपर्यंत भांडलो आणि शेवटी जिलेबी आणि चिंच यांच्या मधे खुंट्या ठोकल्या. अशा भांडणानंतर माणसाबद्दल एक आदर वाटतो. तो म्हणाला, "भाऊ, दुपारी जेवाले या. माह्या पोरीचे सोयरे कोंढ्यावरून आले हायेत. शेवंताची सोयरीक आज पक्की होते."

त्याच्या घरी जेवून आलो आणि दुपारचा पहिला खेळ लावला. चंद्रावर टाळ्या, शनीवर श्वास. मग भोवरा आला आणि टेप बोलू लागली.

"या आपल्या गंगेच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असावे, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. सध्या ते निद्रिस्त आहे. परंतु खाद्य मिळताच ते पुन्हा जागे होईल. जे त्याच्या काठाशी जाईल ते परत येणार नाही. केव्हा, ते सांगता येत नाही."

कोणी दचकलं नाही.  दिवा लावला तर माणसं तशीच बसलेली, पडद्याकडे पाहत. मग एकेक उठून बाहेर गेलं. दाराशी एक म्हातारी थांबली आणि हळूच विचारलं, "बाबू, कोन्या सालात जी?"

मी आकाशाचंच बोलत होतो. म्हणालो, "ते कोनालेच ठाऊक नाही, माय. निजून हाय तोवर निजून हाय."

तिनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होतं.

दुसऱ्या खेळाला तंबू फाटेल एवढी गर्दी. पोटुशी बाई, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळे. मी खूश. पण बाहेर येऊन पाहतो तर जिलेबीवाला कढई उतरवत होता. बांगड्यावाली टोपल्या बांधत होती. पाहुण्यांच्या बंड्या जुंपल्या जात होत्या. नदीकडच्या बाजूनं एका बाईचा रडण्याचा आवाज आला, मयत झाल्यासारखा. मग दुसरीचा.

मला हे माहीत नव्हतं की त्या गावाच्या शेतांत आदल्या उन्हाळ्यात काही माणसं दुर्बिणी घेऊन येऊन गेली होती. त्यांनी बांधांवर चुना लावलेले दगड पुरले होते. दगडांवर लाल नंबर. कायचे दगड, हे कोणी सांगितलं नव्हतं. नदीवर खाली कुठंतरी मोठं धरण होणार, असं बाजारात कानावर यायचं. आपलं गाव पाण्यात जाणार की राहणार, हे कोणी बोलत नव्हतं. आणि मग एक दिवस एक तंबू आला, काळ्या कापडाचा, आणि शुद्ध भाषेतला आवाज म्हणाला की गंगेच्या मधोमध काहीतरी निजलेलं आहे आणि काठाशी असेल ते परत येणार नाही. केव्हा, ते सांगता येत नाही.

सरकार असंच बोलतं. सरांनी प्रत्येक शब्द तोलून घातला होता आणि त्या तोललेल्या शब्दांनीच तो हुकूम वाटला.

गर्दी माझ्याकडे वळली. "तुमी सरकारचे मानूस व्हय ना? खरं सांगा."

"मी तंबूवाला हाव! आकाशातलं हाय ते! वरचं!" मी ओरडलो. मला लवकर राग येतो आणि राग आला की आवाज चढतो.

"मंग गंगा काहून मनलं?"

"टेप लावा! परत लावा!" गर्दीतून दुसरा कोणीतरी ओरडला.

मी टेपरेकॉर्डर बंडीवर ठेवून लावला. टेप खोटं बोलणार नाही, असं मला वाटलं. टेप खोटं बोललीच नाही. उघड्या मैदानात, भर उन्हात, सगळ्या गावानं पुन्हा ऐकलं, 'या आपल्या गंगेच्या मधोमध.' तंबूत ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

भांडणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. भांडणारा कुठंतरी थांबतो, त्याला काहीतरी पाहिजे असतं, तिथं त्याला गाठता येतं. भ्यालेल्या गर्दीला काहीच नको असतं. तिच्याशी भाव होत नाही.  कोणीतरी तंबूचे दोर सोडले आणि तो उंच काळा तंबू हळूहळू, आवाज न करता, खाली बसत गेला. बाया किंचाळल्या. तेच आलं, असं त्यांना वाटलं. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं.

एकानं माझी मान धरली. तेव्हा लक्ष्मण मधे आला. "याले हात लावाचा नाही. हा माह्या घरी जेवला हाय." त्यानं मला ओढून मैदानालगतच्या त्याच्या घराच्या भिंतीशी उभं केलं आणि माझ्यासमोर पाठ करून उभा राहिला. मी पळालो नाही. पळायला जागाच नव्हती, असं सर म्हणतील. म्हणोत.

गर्दी ओसरली ती मला सोडून देऊन नाही, स्वतःच्या घरांकडे धावत. मैदान रिकामं झालं तेव्हा कोंढ्याच्या पाहुण्यांची बंडी गावाबाहेर पडत होती. शेवंताचा होणारा सासरा, तुळशीराम, पुढं बसलेला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सोयरीक मोडली होती. शेवंता दारात उभी होती. नवीन लुगडं, हातात पाहुण्यांसाठी भरलेलं पानाचं तबक. रडत नव्हती. ती नुसती त्या बंडीकडे पाहत होती, आणि मला तिच्याकडे पाहवेना.

लक्ष्मण म्हणाला, "भाऊ, तुह्या टेपनं मोडली. आता तुह्याच तोंडानं जोड. तोवर हा तंबू अन् हे मशीन आमच्या गावात."

"अन् नाही जोडली तं?"

"तं तू बी आमच्या गावात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्याच्या बंडीनं कोंढ्याला निघालो. दोन्ही बाजूंना कापून रचलेल्या धानाचे पुंजणे उभे होते. एका बांधावर तो दगड दिसला, पांढरा, लाल नंबरचा. लक्ष्मणनं बैलांना चाबूक मारला, जे त्यानं वाटेत कुठंच केलं नव्हतं.

तुळशीरामनं आम्हाला अंगणात बसवलं, पाणी दिलं. मी सगळं समजावलं. सूर्य, तारे, आकाशगंगा, गिरणी, हंगाम, सगळं. एवढं चांगलं मी कुठल्याच तंबूत बोललो नव्हतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मी अडानी हाव का? गंगा मंजे वरची, हे मले कालच समजलं. माह्या पोरानं बंडीतच सांगतलं."



"मंग सोयरीक काहून मोडली?" लक्ष्मण म्हणाला.

"ते दगड कायचे हायेत, लक्ष्मनभाऊ? ते बी वरचे का?"

लक्ष्मणनं तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला.

"या तंबूवाल्याची टेप मनते, सध्या निजून हाय. सध्या. हा शब्द मी वळखतो." तुळशीराम माझ्याकडे वळला. "तूच आता मनला ना, गिरणी बंद हाय मंजे गिरणी नाही असं नाही? मंग? ते दगड बी आज निजून हायेत. उद्या गाव उठन. ज्या सुनेले माहेर नाही, ते रुसून कोठी जाईन? भाऊबीजेले कोठी? बायतपन कोठी? माह्या घरात बसून सुकून जाईन पोरगी. मले ते पाहाचं नाही."

खरं तर त्यात वाईट काही नव्हतं. तो पोरीचाच विचार करत होता, आणि म्हणूनच मला त्याचा संताप आला. माझं सगळं आकाश त्यानं चुलीत घातलं होतं आणि माझ्याजवळ त्या दगडांवर एकही उत्तर नव्हतं. 'गाव राहील' असं मी म्हणू शकत नव्हतो. जो माल आपल्याजवळ नाही तो विकायचा नाही, हे मी धंद्यात पाळलं आहे. मग जो होता तो पुढं केला.

मी उभा राहून ओरडलो, "माहेरच पायजे ना तुमाले? घ्या माहेर! सिहोऱ्याले माहं घर हाय. तेथी ना दगड हायेत, ना नंबर. गाव रायलं तं ठीक. नाही रायलं तं हे पोरगी माह्या घरची. बायतपन माह्या घरी, भाऊबीज माह्या घरी, रुसली तं माह्या घरी! आणखी काय पायजे, बोला!"

लक्ष्मण माझ्याकडे पाहतच राहिला. तुळशीरामनं एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बायकोले इचारलं का?"

"सौदा मी करून रायलो. बायको नाही."

त्याच्या घरातून कोणीतरी हसलं. त्याच्या बायकोचा आवाज होता. तुळशीराम म्हणाला, "मंग लग्नात मांडवात उभा राहून सगळ्यासमोर सांगाचं. पोरीचा काका मून."

"सांगतो."

तिथं सौदा तुटला, म्हणजे ठरला. त्या उन्हाळ्यात मी मांडवात उभं राहून सांगितलं आणि माझ्या आवाजाला लाऊडस्पीकर लागला नाही. तंबू आणि मशीन परत मिळालं होतंच. घरी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तारे विकाले गेलते अन् लेक घेऊन आले."

मग मी सरांकडे गेलो. म्हणालो, तो एक शब्द बदला, टेप पुन्हा भरा. त्यांनी किस्सा ऐकला आणि ते खुर्चीत मागं रेलून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, गंगा म्हटलं तर वैनगंगा! कमाल आहे!" मी म्हणालो, सर, ते लोक घाबरले होते. ते म्हणाले, "अज्ञान, दुसरं काय!" टेप बदलणार नाही, मजकूर शुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. मजकूर शुद्ध होताच. त्या दिवशी मी त्यांच्या पायरीवरून उतरलो तो परत चढलो नाही. ती भोवऱ्याची काचही पुन्हा लावली नाही. पुढं गावोगाव टीव्ही आले, मंडईत व्हिडिओ आला, तंबू कुजला. त्याचं मला दुःख नाही.

दुःख म्हणा की भीती म्हणा, ती दुसरीच होती. शेवंता पहिल्या बाळंतपणाला तिच्या बापाच्या गावी गेली. भाऊबीजही तिथंच. सिहोऱ्याला ती आली नाही, आणि मला तेच पाहिजे होतं. ती येत नव्हती तोवर ते निजलेलं होतं. दर दिवाळीला पवनीकडून आलेली माणसं उतरली की मी फाट्यावर लांबून पाहायचो, आणि त्यांत ती नसली की घरी येऊन पोटभर जेवायचो. ज्या लेकीला शब्द दिला तिनं घरी येऊ नये, अशी वाट मी वर्षानुवर्षं पाहिली. बायकोला हे कळत होतं. ती बोलत नसे. पण दरवर्षी ती एक लुगडं आणून पेटीत ठेवायची.

मग ऐंशीचं दशक सरता सरता गोसीखुर्द धरणाच्या कामाची बातमी पक्की झाली. तरी मी म्हणायचो, धरणं काय लगेच भरतात? अशीच एक दुपार होती, सण नाही, वार नाही. मी अंगणात जनरेटरचे जुने भाग धुत होतो. कुंपणाशी एक बाई उभी होती. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं.

"काकाजी," ती म्हणाली.

मी तिला ओळखायला नको होतं, एवढ्या वर्षांनी. ओळखलं.

"बाबानं सांगतलं, आता भाऊबीजेले सिहोऱ्याले जात जाय मून. घरं मोजाले मानसं आलते."  तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अगदी हळू विचारलं, त्या म्हातारीनं विचारलं होतं तसं, "जागं झालं का जी ते?"

मी सौदा करणारा माणूस. कोणत्याही प्रश्नाला पहिलं उत्तर मी कधी खरं देत नाही. आधी कमी सांगतो, मग चढवतो किंवा उतरवतो. तिला मी एकदाच म्हणालो, "हाव."

बायको तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं शेवंताच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा तिच्यावरून आणि पोरावरून ओवाळून टाकला, आणि काही न विचारता तिचं गाठोडं उचललं. तिघंही आत गेली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी कुंपणाशीच उभा राहिलो. रस्ता रिकामा होता, ऊन होतं, धूळसुद्धा उडत नव्हती. तरी मी बराच वेळ तिकडेच पाहत राहिलो. मला सारखं वाटत होतं, तिच्यामागून सगळं गाव चालत येत आहे.